माजघरातला खांब काढताना तुळईचे माप कसे ठरवले

साताऱ्यातील शनिवार पेठेतल्या आमच्या घराच्या माजघरात अगदी मधोमध एक सागवानी खांब होता. माझ्या लहानपणी त्याच्याभोवती आम्ही शिवाशिवी खेळत असू. गेल्या वर्षी आईला चाकाची खुर्ची लागली आणि तोच खांब तिच्या वाटेत येऊ लागला. खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवायची तर दर वेळी कोणालातरी ती मागे ओढून पुन्हा फिरवावी लागे. खांब काढायचा आणि त्याच्या जागी एका भिंतीपासून समोरच्या खांबापर्यंत सलग तुळई टाकायची, असे आम्ही ठरवले. मी स्थापत्य अभियंता आहे, पण माझी सगळी नोकरी सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबची गणिते करण्यात गेली होती आणि लाकडाची तुळई मी कधी हाताळली नव्हती. त्या तीन महिन्यांत जे शिकले, ते जुन्या घरांची डागडुजी करणाऱ्या माणसांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे काम करणारे सुतार मेस्त्री माझ्या वडिलांच्या वेळेपासून येतात. त्यांनी जुनी तुळई हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हिच्याच मापाचा सागवानी ठोकळा सलग टाकू. शंभर वर्षं हिला काही झालं नाही, नवीनलाही होणार नाही." जुनी तुळई सात इंच रुंद आणि आठ इंच उंच, म्हणजे साधारण १७५ बाय २०० मिलिमीटर होती. मेस्त्रींचा अनुभव खोटा नव्हता, मात्र तो २.१ मीटर अंतराचा अनुभव होता. मधला खांब काढल्यावर दोन आधारांमधले अंतर, ज्याला आम्ही स्पॅन म्हणतो, ४.२ मीटर होणार होते आणि सगळा प्रश्न या दुपटीत होता. स्पॅन दुप्पट झाला की दर मीटरला तेवढेच ओझे असताना तुळईतला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तिला येणारा झोळ, म्हणजे मध्यभागी खाली येणारा बाक, सोळा पट होतो, कारण जोर स्पॅनच्या वर्गाने वाढतो आणि झोळ चौथ्या घाताने. दोन मीटरवर दीड मिलिमीटर झोळ असलेली तुळई चार मीटरवर जवळजवळ एक इंच लोंबते. इतका फरक नुसत्या नजरेने ताडता येत नाही, म्हणून मी कागद घेऊन बसले.

आकडेमोडीची सुरुवात तुळईपासून करायची नसते, तिच्यावर काय बसणार आहे येथून करायची असते. आमच्या माडीच्या जमिनीत कड्यांवर, म्हणजे तुळईवर आडव्या टाकलेल्या बारीक लाकडांवर, फळ्या आणि फळ्यांवर सुमारे १० सेंटीमीटर मातीचा थर होता, त्यावर शेणाने सारवलेली आणि पुढे कधीतरी शहाबादी फरशी बसवलेली जमीन. दाबून बसवलेली माती घनमीटरला सोळाशे ते अठराशे किलो भरते, म्हणजे केवळ मातीचे ओझे चौरस मीटरला १६० ते १८० किलो होते. राहत्या घराच्या खोलीसाठी माणसे, सामान, कपाटे यांचे म्हणून आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळपणे २०० किलो, धरायला सांगितले आहे. आमच्या डोक्यावरची माती जवळजवळ तेवढीच भरत होती. उन्हाळ्यात माडी थंड ठेवण्याचे तिचे काम मला मान्य आहे आणि ती काढताना वाईटही वाटले, पण या स्पॅनवर ती ठेवणे परवडणारे नव्हते. ती काढून हलकी फळ्यांची जमीन केली, तेव्हा कड्या, फळ्या आणि वरचे आवरण मिळून स्थिर ओझे चौरस मीटरला ७५ किलोवर आले.

तुळईच्या दोन्ही बाजूंच्या कड्या २.४ मीटर लांबीच्या आहेत. प्रत्येक बाजूच्या कड्यांचे निम्मे ओझे या तुळईवर येते, म्हणून तुळईच्या वाट्याला २.४ मीटर रुंदीचा पट्टा आला. चौरस मीटरला २७५ किलो गुणिले २.४ म्हणजे ६६० किलो, आणि तुळईचे स्वतःचे वजन थोडे सढळ हाताने धरून मी तो आकडा दर मीटरला ७०० किलो केला. माती ठेवली असती तर तो अकराशेच्या आसपास गेला असता. ज्यांना आपल्या घराच्या तुळईचे माप काढायचे आहे त्यांनी हा टप्पा घाईने उरकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पुढचे सूत्र कितीही अचूक वापरले तरी ओझे चुकीचे धरलेले असेल, तर उत्तर चुकीचेच येते. मातीचा थर मोजण्यासाठी एक फरशी उचलून खाली पट्टी घालून पाहावी, अंदाज करू नये.

आता मेस्त्रींच्या सागवानाकडे. सागाचा कडकपणा, म्हणजे वाकायला होणारा विरोध, चौरस मिलिमीटरला सुमारे १०,००० न्यूटन धरला, तर १७५ बाय २०० च्या तुळईला ४.२ मीटरवर या ओझ्याखाली सुमारे २४ मिलिमीटर झोळ येतो. लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ मध्ये झोळाची मर्यादा स्पॅनच्या २४० व्या भागाइतकी आहे आणि खाली जिप्समचे छत किंवा तडकणारे काही असेल तर ३६० व्या भागाइतकी. आमच्याकडे या मर्यादा अनुक्रमे १७.५ आणि ११.७ मिलिमीटर भरतात. ताणही सागासारख्या लाकडासाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या थोडा वर जात होता. तुळई त्या दिवशी मोडली नसती. बहुधा कधीच मोडली नसती. पण माडीवर कोणी चालले की फडताळातली भांडी वाजली असती, गिलाव्याला भेगा गेल्या असत्या आणि वर्षागणिक झोळ वाढत गेला असता. लाकडाच्या तुळईत बहुतेक वेळा मोडण्याच्या आधी वाकण्याची मर्यादा येते, हे काँक्रीटच्या सवयीच्या माझ्या डोक्याला पहिल्यांदा नीट समजून घ्यावे लागले.

उंच सागवानी तुळई घेण्याचा विचार केला, तर चौदा इंच उंचीचा, सव्वाचार मीटर सरळ आणि निर्दोष ठोकळा आजच्या वखारीत सहजी मिळत नाही, मिळालाच तर त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. येथून मी एलव्हीएलकडे, म्हणजे लॅमिनेटेड व्हिनियर लंबर या पापुद्रे चिकटवून केलेल्या लाकडाकडे वळले. लाकडाचा ओंडका फिरवत त्याचे तीनेक मिलिमीटर जाडीचे पातळ पापुद्रे सोलतात, ते वाळवतात आणि सगळ्यांचे रेषे एकाच दिशेला ठेवून फिनॉलिक डिंकाने उष्णतेखाली दाबून चिकटवतात. प्लायवूडमध्ये एकाआड एक पापुद्रा आडवा असतो, येथे सगळे लांबीच्या दिशेने असतात, म्हणूनच ते तुळईला योग्य. एखाद्या पापुद्र्यात गाठ असली तरी शेजारच्या पापुद्र्यात ती त्याच जागी नसते, त्यामुळे दोष विखुरतात आणि ताकदीचा भरवसा अखंड लाकडापेक्षा जास्त मिळतो. जाड फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या ग्लुलॅम तुळया याहून जुन्या आहेत, जर्मनीत ओटो हेत्सर यांनी त्यांचे पेटंट १९०६ मध्ये घेतले होते. पण आमच्या एका तुळईपुरती ग्लुलॅम मागवणे जमण्यासारखे नव्हते.

मापाच्या बाबतीत एक सावधगिरी येथेच सांगते. इंटरनेटवर एलव्हीएलच्या तुळयांचे तयार तक्ते मिळतात, अमुक फुटांच्या स्पॅनला अमुक इंचांची तुळई असे त्यात वाचून माप उचलता येते. ते तक्ते बहुतांशी अमेरिकी असतात. तिथल्या राहत्या खोलीचे ओझे, चौरस फुटाला ४० पौंड, आपल्या २०० किलोंच्या जवळ जाते, त्यामुळे तक्ता आपल्यालाही लागू पडेल असा समज सहज होतो. पण त्या तक्त्यांमागचे लाकूड बहुधा 'टू पॉइंट झीरो ई' या प्रतीचे असते, म्हणजे त्याचा कडकपणा चौरस मिलिमीटरला सुमारे १३,८०० न्यूटन. आपल्या हाती ७,५०० चे लाकूड आले, तर त्याच मापाच्या तुळईला जवळजवळ १.८४ पट झोळ येईल. ज्या लाकडाचा तक्ता, त्याच लाकडाला तो वापरावा. दुसऱ्या लाकडासाठी गणित नव्याने करण्यावाचून उपाय नाही.

मी ज्या पाईनच्या एलव्हीएलचा विचार करत होते, त्याच्या माहितीपत्रकात कडकपणा ११,००० दिला होता. वाकण्याचा सुरक्षित ताण मी सुरक्षिततेचे सगळे भाग देऊन चौरस मिलिमीटरला १२ न्यूटन धरला. फळ्या ४५ मिलिमीटर जाडीच्या मिळणार होत्या, दोन जोडल्या की ९० मिलिमीटर रुंदी. पहिल्या गणितात ९० बाय ३०० ची तुळई घेतली. ताण ११.४ आला, म्हणजे ताकदीच्या परीक्षेत ती उत्तीर्ण. झोळ मात्र १२.७ मिलिमीटर आला आणि आमची मर्यादा ११.७ होती. शिवाय लाकूड कायमच्या ओझ्याखाली हळूहळू आणखी वाकत जाते. पहिल्या दिवशीचा झोळ हा शेवटचा झोळ नसतो, आणि स्थिर ओझ्यामुळे येणारा भाग काही वर्षांत निदान दुप्पट होईल असे धरून चालणे शहाणपणाचे. तसे धरले की आकडा १६.७ पर्यंत गेला.

येथे दोन वाटा होत्या. तिसरी फळी जोडून रुंदी १३५ करायची, किंवा फळ्या दोनच ठेवून उंची ३६० करायची. तिसऱ्या फळीने पहिला झोळ ८.५ वर आणि वर्षांनंतरचा ११.२ वर आला, म्हणजे मर्यादेला जेमतेम टेकून उत्तीर्ण. उंची वाढवल्यावर तेच आकडे ७.४ आणि ९.७ झाले. लाकूड मात्र दुसऱ्या वाटेने पाचव्या हिश्शाने कमी लागत होते. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट होतो, हे पुस्तकात शिकलेले वाक्य आपल्याच घराच्या मापात उतरलेले पाहताना मला फार समाधान वाटले. मेस्त्रींना ते दाखवण्यासाठी मी लाकडी फूटपट्टी दोन पेल्यांवर आधी आडवी आणि मग उभी ठेवली आणि मधे बोटाने दाबून पाहायला सांगितले. हीच ९० बाय ३६० ची तुळई आडवी टाकली असती तर ती सोळापट लवचीक झाली असती. उंच तुळईचा तोटा म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा कमी होते. आमच्या माजघरात तुळईखाली सात फुटांहून किंचित जास्त जागा उरली, जी मला चालण्यासारखी वाटली.

लोखंडी आय तुळई टाकली असती तरी काम झाले असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०० मिलिमीटर उंचीची आयएसएमबी, म्हणजे भारतीय मानकातली मध्यम वजनाची आय तुळई, कडकपणात आमच्या तुळईच्या थोडी पुढेच आहे आणि डोक्यावरची जागाही तिने कमी खाल्ली असती. लाकूड निवडण्याची माझी कारणे व्यवहाराची होती. आमच्या घराकडे येणारा बोळ अरुंद आहे, एलव्हीएलची प्रत्येक फळी सुमारे ४२ किलोंची असल्याने दोन माणसांनी ती हाताने आत आणली, जोडणी जागेवर केली, आणि जुन्या कड्या तिच्यावर बसवण्याचे सगळे काम सुताराच्या हत्यारांनी झाले.

मागवलेला माल आला तेव्हा त्यावर कोणताही शिक्का नव्हता. ज्या वखारीतून तो आला तिथल्या माणसाने सांगितले की एलव्हीएल म्हणजे एलव्हीएल, सगळे सारखेच. आपल्याकडे हा माल मुख्यतः दारांच्या चौकटींसाठी विकला जातो आणि चौकटीला कडकपणाची फारशी गरज नसते, म्हणून माझी शंका वाढली. तपासणी मी अंगणात केली, आणि ही तपासणी कोणालाही करता येण्यासारखी आहे. फळी आडवी करून बरोबर ३ मीटर अंतरावरच्या दोन विटांवर ठेवली, दोन्ही विटांच्या बरोबर वर फळीला खिळे मारून त्यांना ताणून दोरा बांधला आणि मध्यभागी दोऱ्यापासून फळीपर्यंतचे अंतर मोजले. मग मध्यावर ५० किलोंची सिमेंटची दोन पोती एकावर एक ठेवली आणि पुन्हा मोजले. ४५ बाय ३६० च्या फळीचा कडकपणा ११,००० असेल तर दोन मोजमापांमधला फरक १८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. आमच्याकडे तो २७ आला, म्हणजे कडकपणा साडेसात हजार. त्या कडकपणाला आमच्या तुळईचा वर्षांनंतरचा झोळ १४ मिलिमीटरवर गेला असता. पोती उतरवली, फळ्या परत पाठवल्या, आणि चाचणीचा दाखला देणाऱ्या दुसऱ्या पुरवठादाराकडून माल मागवला. तो यायला पाच आठवडे लागले. तोवर आईची खुर्ची त्याच खांबाला वळसे घालत राहिली, याचे मला रोज वाईट वाटे, तरी तो निर्णय बदलावा असे कधी वाटले नाही. नव्या फळ्यांचा फरक एकीला १८ आणि दुसरीला १९ मिलिमीटर आला.

गणित पूर्ण झाले असे मी समजत होते, तेव्हा मेस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "ताई, तुळई ठीक आहे, पण मधल्या खांबाचं वजन आता जाणार कुठं?" मी टोकांची प्रतिक्रिया, म्हणजे तुळईचे प्रत्येक टोक आधारावर टाकते ते ओझे, काढली होती, प्रत्येक टोकाला १,४७० किलो. माती काढल्यामुळे हा आकडा पूर्वीच्या साधारण १,१५० किलोंच्या फार पुढे गेला नव्हता, माती ठेवली असती तर तो २,३०० च्या पुढे गेला असता. पण त्या ओझ्याखाली खरोखर काय आहे हे मी पाहिले नव्हते. समोरच्या खांबाचा तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, उकरला तेव्हा खाली घुशींनी केलेले बीळ आणि एका बाजूला कललेला दगड सापडला. या खांबावर सोप्याच्या तुळईचेही टोक येते, म्हणून एकूण २.६ टन धरून त्याखाली ६०० बाय ६०० मिलिमीटरचा काँक्रीटचा पाया घातला. चौरस मीटरला ७.२ टन हा दाब खालच्या घट्ट मुरुमाला सहज पेलतो. भिंतीकडच्या टोकाला माती-चुन्यात बांधलेल्या दगडांवर तुळई थेट न टेकवता काँक्रीटची गादी केली, तुळई तिच्यावर १५० मिलिमीटर टेकवली, आणि तुळईच्या टोकाभोवती बोटभर हवेची फट ठेवली. भिंतीत गाडलेले लाकडाचे टोक पावसाळ्यात ओल धरते आणि कुजणे तेथूनच सुरू होते. जुन्या तुळईचे भिंतीतले टोक बाहेर काढले तेव्हा चार इंच लाकूड बोटाने कुस्करावे असे झाले होते, त्याच टोकाजवळ वाळवीची घरेही होती. भिंतीतल्या छिद्रांत वाळवीचे औषध मारले आणि एलव्हीएलच्या कापलेल्या टोकांना दोन हात सीलर दिला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपात जुन्या तुळईचे हे टोक भिंतीतून अर्धा इंच सरकले होते, असे वडील सांगत. त्यामुळे नवी तुळई नुसती टेकवून ठेवणे मला पटले नाही. भिंतीकडे आणि खांबाकडे दोन्ही ठिकाणी ती लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांनी बांधली. तुळईची उंची रुंदीच्या चौपट असल्याने तिला बाजूला कलंडू न देण्याचीही सोय लागते. येथे ते काम वरच्या कड्या करतात, मात्र प्रत्येक कडी तिला पक्की जोडलेली असायला हवी. दोन फळ्या एकमेकींना १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी, वर-खाली असे आळीपाळीने, ६०० मिलिमीटरवर जोडल्या.

खांब काढण्याआधी चार धिरे आणि दोन जॅक लावून माडी दिवसाला तीन-चार मिलिमीटर अशी सहा दिवस उचलली. जुने घर एकदम उचलले की भिंतींना भेगा जातात. तुळई बसल्यावर वायरिंगवाला आला आणि पाइप नेण्यासाठी तिच्या खालच्या कडेला मधोमध खाच पाडायला निघाला होता. मी घरी होते म्हणून ते टळले. मध्यावर खालच्या कडेलाच सर्वात जास्त ताण असतो आणि तेथे दोन सेंटीमीटर कापणे म्हणजे इतक्या कष्टाने मिळवलेली उंची फेकून देणे. भोक पाडायचेच असेल तर लहान, उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात आणि आधारापासून दूर पाडावे. आम्ही पाइप तुळईच्या वरून, कड्यांच्या मधून नेला.

धिरे काढल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी मी तुळईच्या दोन टोकांना खिळे मारून दोरा ताणला. नुसत्या स्थिर ओझ्याखाली गणिताने २.३ मिलिमीटर झोळ सांगितला होता, पट्टीवर २ दिसले. पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजले तेव्हा ३ भरले. ते खिळे मी काढलेले नाहीत. दर सहा महिन्यांनी आकडा भिंतीच्या कडेला पेन्सिलीने लिहिते, आणि आई खुर्ची त्याखालून सरळ स्वयंपाकघरात नेते.